रिकाम्या जागेचं माप

(सुरतेतील मराठी व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



विषय जाहीर झाला तेव्हा संयोजकांपैकी एकाचा मला फोन आला. म्हणाला, "काका, पत्रिकेत काहीतरी घोळ झालाय. 'जुन्या स्पोर्ट्स कारचा मधला कन्सोल' असं छापून आलंय." मी म्हटलं, घोळ नाही, तोच विषय आहे. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही गाड्यांवर बोलणार?" म्हटलं, "गाड्यांवर नाही रे बाबा. दोन सीटांच्या मधे जे खोकं असतं ना, त्यावर."

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून मराठी माणूस खुर्चीत बसून स्वराज्यापासून वेदान्तापर्यंत सगळं ऐकत आलाय. खोक्यावर तासभर ऐकायची आपली बहुधा पहिलीच वेळ. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते मास्तर सुतारकाम शिकवायचे. त्यांना वेदान्तापेक्षा खोक्यावरचं व्याख्यान जास्त आवडलं असतं, एवढं मी खात्रीनं सांगतो.

मी पॅटर्नमेकर. तरुण मंडळींसाठी सांगतो, लोखंडाचा किंवा अॅल्युमिनियमचा एखादा भाग ओतायचा असला की आधी तो लाकडात करावा लागतो. तो लाकडी भाग वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि वाळूत जी पोकळी राहते तिच्यात रस ओतायचा. उधन्यात यंत्रांचे भाग करणाऱ्या कारखान्यांत माझी सगळी नोकरी या पोकळ्या करण्यात गेली. लोकांना ओतलेला भाग दिसतो. आम्हाला पोकळी दिसते.

मास्तरांच्या संध्याकाळच्या वर्गात मी पहिल्या दिवशी गेलो, तेव्हा त्यांनी रंधा दिला नाही, पटाशी दिली नाही. पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. म्हणाले, "याचा आतला आकार मला पुठ्ठ्यावर काढून दे." मी पट्टी घातली, दोरा घातला, बोटं घातली. तोंड अरुंद, पोट मोठं, काही जमेना. मास्तर हसले. त्यांनी पुठ्ठ्याचा अर्धा तुकडा कापला, तोंडातून तिरका आत घातला, फिरवला, कुठं अडतोय ते नखानं खूण करून बाहेर काढला, तेवढंच कापलं, पुन्हा घातला. असं अकरा वेळा. बाराव्या वेळी तांब्याचं पोट पुठ्ठ्यावर उतरलं होतं. मला म्हणाले, "भांडं कोणीही मोजेल. तू भांड्यातली जागा मोजायला शीक."

आता गाडीकडे येतो.

अठवा लाइन्सच्या बाजूला राहणाऱ्या एका गृहस्थांकडे 1965 सालची एमजीबी आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, इंग्लंडात अॅबिंग्डनला बनलेली. हे मॉडेल 1962 साली आलं आणि 1980 पर्यंत बनत राहिलं, पाच लाखांवर गाड्या झाल्या. म्हणजे दुर्मीळ म्हणावी अशी गाडी नाही. पण सुरतेत दुर्मीळ. इंजिन 1,798 सीसीचं, दोन कार्ब्युरेटर, आणि वेगळी चासी नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. या गाडीत चासीवर बॉडी बसवलेली नाही. पत्र्याची बॉडी हीच चासी. मधून जाणारा गिअरबॉक्सवरचा उंचवटा, ज्याला मेकॅनिक टनेल म्हणतात, तो गाडीच्या कण्याचाच भाग आहे.

या टनेलवर मागच्या कोणी मालकानं सनमायका लावलेल्या प्लायचा एक कन्सोल ठोकला होता. ठोकला होता म्हणजे अक्षरशः. पत्र्यात सहा भोकं पाडून, लाकडाचे स्क्रू. त्यात एक कॅसेट प्लेअर, ग्लासं ठेवायला दोन गोल खड्डे, आणि त्या खड्ड्यांत वीस-पंचवीस वर्षांची सुपारी. प्लाय फुगून पुस्तकासारखा उघडला होता. मालक मला म्हणाले, "मने ओरिजिनल जेवुं जोईए." मला ओरिजिनलसारखा हवा.

इथं पहिली गंमत. ओरिजिनल कसला? 1965 च्या एमजीबीत असा कन्सोल नव्हताच. डॅशबोर्डच्या खाली स्पीकरची जाळी असलेला एक लहानसा भाग होता, टनेलवर गालिचा, गालिच्यातून वर आलेला गिअरचा दांडा आणि त्याच्या बुडाशी क्रोमची कडी. बस. हात टेकायला झाकणाचा डबा कारखान्यानं दिला तो पुढं, 1970 च्या दशकातल्या गाड्यांत. मग विलायतेहून तो नंतरचा तयार डबा मागवून बसवावा? बसत नाही. 1967 च्या अखेरीस गाडीत नवा गिअरबॉक्स आला आणि त्यासाठी टनेल रुंद केला गेला. रुंद टनेलचा डबा अरुंद टनेलवर म्हणजे थोरल्या भावाची चप्पल. पायात जाते, पण चालवत नाही.

मी तुम्हाला विचारतो, आपल्याकडे या मधल्या जागेचं काय होतं? आठवा जरा. फियाट असो की अॅम्बॅसडर, कित्येक दशकं गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि पुढची सीट सलग बाकासारखी. मधली जागा माणसाची होती! नवऱ्या मुलाचा मामा तिथं बसायचा. धुळ्याहून सुरतेला वऱ्हाड येताना मी स्वतः त्या जागेवर आलोय, गिअर बदलताना ड्रायव्हरचं कोपर बरगडीत. 1983 मध्ये मारुती आली, गिअर जमिनीवर गेला, मामा मागं गेला आणि मधे डबा आला. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र ही जागा पहिल्यापासून यंत्राची. ड्रायव्हरचा डावा हात दिवसभर तिथंच. डोळे रस्त्यावर आणि हात आंधळा. आंधळ्या हाताला जे सापडलं पाहिजे ते तिथं हवं, आणि जे टोचेल ते तिथं नको. जग्वारनं 1961 च्या ई-टाइपमध्ये इथं बारीक ठिपक्यांचा अॅल्युमिनियमचा पत्रा लावला होता. फोटोत फार देखणा दिसतो. दोनेक वर्षांत त्यांनी तो काढून काळं आवरण घातलं. का घातलं ते त्यांना ठाऊक. मला विचाराल तर अशा गाडीत, डोक्यावर उघडं ऊन असताना, चकाकणारा पत्रा गुडघ्याशी मी कधी लावणार नाही.

तर काम घेतलं. पहिलं काम मोजणी. इथं मी जरा रेंगाळणार आहे, घड्याळ बघू नका.

कन्सोल ही वस्तू म्हणून मोजता येत नाही. कारण ती अजून झालेलीच नाही. जे मोजायचं ते तिच्या भोवतीचं. खाली टनेलची पाठ, पुढं डॅशची खालची कड, दोन्ही बाजूंना सीटा, आणि मधे हलणाऱ्या वस्तू. हलणाऱ्या वस्तू फार महत्त्वाच्या. सीट पुढं-मागं सरकते. हँडब्रेकचा दांडा टनेलला चिकटून वर येतो आणि दांड्याबरोबर माणसाची मूठही वर येते. दांड्याला जागा ठेवली आणि मुठीला ठेवली नाही की बोटांची सालं निघतात. गिअरचा दांडा दुसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये मागं येतो. त्याच्या मागं मूठ येते, मुठीच्या मागं मनगट. जाड माणसाचं मनगट वेगळं, बारीक माणसाचं वेगळं. मी मालकांना सीटवर बसवून त्यांच्या मनगटाला खडू लावला आणि पाचपन्नास वेळा गिअर बदलायला लावले. खडू जिथं जिथं लागला तिथं कन्सोल नको. शेजारच्या मुलांना वाटलं म्हातारा काहीतरी पूजा करतोय.

टनेल दिसायला साधा, एखाद्या पालथ्या पन्हळीसारखा. पण तो वरून खाली उतरतो, पुढं रुंद आणि मागं अरुंद होतो, आणि डावी बाजू उजवीसारखी नाही. याच गाडीत मला दोन बाजूंत आठ मिलिमीटरचा फरक मिळाला. आठ मिलिमीटर म्हणजे काय? म्हणजे एका बाजूचं माप घेऊन ते आरशात धरल्यासारखं दुसरीकडे लावलंत, तर एक बाजू अंगाला बसेल आणि दुसरीतून करंगळी आत जाईल.

मग कसं मोजायचं? जहाज बांधणाऱ्यांकडून शिकायचं. सुरतेत बसून हे सांगताना मला अभिमान वाटतो, कारण मुंबईची गोदी उभारायला 1736 साली जो कारागीर नेला, तो लवजी नसरवानजी वाडिया सुरतेचा. त्या घराण्यानं सागवानात बांधलेलं ट्रिंकोमली हे जहाज 1817 साली मुंबईत पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. जहाजाच्या पोटात सरळ रेषा नसते. फळी लावायची तर पोटाची वळणं फळीवर उतरवावी लागतात. त्याची युक्ती अशी. पुठ्ठा टनेलच्या शेजारी उभा धरायचा, जमेल तितका जवळ. एक लाकडी ठोकळा घ्यायचा, त्याला पेन्सिल चिकटवायची. ठोकळ्याची एक कड टनेलला घासत वरून खाली न्यायची. पत्रा जिथं फुगलाय तिथं पेन्सिल बाहेर जाते, जिथं दबलाय तिथं आत येते. पुठ्ठ्यावर टनेलची सावली उमटते. त्या रेघेवर कापायचं आणि पुठ्ठा टनेलला भिडवायचा. फट राहिली की तेवढ्यापुरतं पुन्हा. दर पन्नास मिलिमीटरला असा एक आडवा फर्मा. माझे सतरा झाले.

पुठ्ठा कुठला? अहो, सुरतेत राहता आणि पुठ्ठ्याचं विचारता? साडीचे खोके! रिंग रोडच्या मार्केटमधून येतात ते. पातळ, कडक, एका बाजूनं गुळगुळीत, कात्रीनं कापता येतात. या कामाला याहून चांगला पुठ्ठा मला मिळालेला नाही. हल्ली लेसरनं स्कॅन करून टनेलचं चित्र संगणकात घेता येतं. हिऱ्याच्या कारखान्यात तसंच करतात, कच्चा दगड आधी स्कॅन होतो, आत कुठं डाग, कुठं तडा, कसा कापला तर वजन वाचेल, हे ठरवतात, मग चाकाला लावतात. चांगली गोष्ट आहे. माझा नातू करतो. पण स्कॅनरला पत्रा दिसतो, मनगट दिसत नाही. त्याला खडूच लागतो.

आणि आता माझी चूक सांगतो. भरसभेत सांगतो, म्हणजे पुढच्यानं करू नये.

पहिला कन्सोल मी झकास केला. फर्मे बरोबर, सांधे बरोबर, चारही बाजूंनी केस जाणार नाही असा बसला. मालक खूश. दोन महिन्यांनी फोन, गिअर घालताना आवाज येतोय. मेकॅनिक म्हणाला गिअरबॉक्सचं ऑइल बघा. बघा म्हणजे कुठून? या जुन्या गिअरबॉक्सला ऑइल मोजायची काडी असते, आणि ती गाडीच्या आतून, टनेलवरच्या गालिच्याखाली एक रबरी बूच असतं ते काढून बघायची असते. ते बूच माझ्या केस न जाणाऱ्या कन्सोलच्या बरोबर खाली! मोजताना मी ते पाहिलं होतं. भोक बुजवायला कोणीतरी रबर लावलंय असं समजून पुढं गेलो होतो. कन्सोल काढायला गेलो तर मी तो चिकटवलाही होता, आवाज नको म्हणून. शेवटी पटाशीनं फोडला.

मास्तर तेव्हा हयात होते. त्यांना सांगितलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "तांब्याला तोंड असतं, ते झाकलंस का?"

म्हणून माझा पहिला मुद्दा, आणि खरं म्हणजे आजचा सगळ्यात मोठा मुद्दा. काही झाकायला जाण्याआधी, त्याच्याखाली कोणाचा हात कधी जाणार आहे ते विचारा. मालकाचा नाही, मेकॅनिकचा. आजच्या नाही, दहा वर्षांनंतरच्या. दुसरा कन्सोल मी केला त्यात बुचाच्या जागी तळहाताएवढं झाकण आहे. वर गालिच्याचा तुकडा चिकटवलाय, दिसत नाही. झाकणाच्या आत पेन्सिलनं लिहिलंय, "गिअरबॉक्स ऑइल."

आता घडवण्याचं. हे भरभर सांगतो, कारण करणाऱ्याला यातलं बरंच माहीत असतं आणि न करणाऱ्याला ऐकून काही येत नाही.

प्लाय घ्यायचा तर पाण्याला टिकणारा, ज्याला आपण मरीन म्हणतो, 710 नंबरचा शिक्का बघून. एमडीएफ नको. तो कापायला सोपा, रंधायला सोपा आणि सुरतेच्या पावसात फुगायलाही सोपा. उघड्या टपाची गाडी आहे, एकदा तरी भिजणारच. बाजू नऊ मिलिमीटरच्या. पुढचं वळण घेताना प्लायच्या मागच्या अंगानं करवतीच्या उभ्या खाचा, जवळजवळ, आरपार न जाऊ देता, मग तो पुठ्ठ्यासारखा वाकतो. खाचांत गोंद भरून, वाकवून, रात्रभर बांधून ठेवायचा. कडा कानशीनं मारायच्या, धारदार कड रेक्झिनखाली तासभर सुद्धा लपत नाही. टनेलला टेकणाऱ्या कडेला नमद्याची पट्टी. नमदा लावला की आवाजही नाही आणि चिकटवायची गरजही नाही.

गोंद मात्र बघून घ्या. टनेलच्या आत गिअरबॉक्स तापतो, गाडीखालून सायलेन्सरची नळी जाते, वरून मे महिन्याचं ऊन. नेहमीचा रबराचा गोंद दोन्हीकडून भाजला की रेक्झिन सोडतो आणि आतल्या वळणावर फुगा येतो. गरमीला टिकणारा म्हणून मिळतो तो थोडा महाग आहे. घ्या.

रेक्झिनचं काम मला येत नाही, ते मी लिंबायतच्या एका सीटकव्हरवाल्याकडून करून घेतलं. मूळचा भुसावळकडचा मुलगा, वय असेल तिशीचं. मी त्याला म्हटलं, हे वळण आहे, इथं गरम हवा मारून ताणून बसव. तो म्हणाला, "काका, बाहेरच्या कोपऱ्यावर ताणलं तर राहतं. आतल्या कोपऱ्यावर ताणलेलं कापड रोज थोडं थोडं सुटत जातं. तिथं कापून शिवण घालू." आणि त्यानं शिवण घातली ती अशी, की ती तिथं असावी म्हणूनच घातली आहे असं वाटतं. चाळीस वर्षं लाकडात काढून मी त्या दिवशी कापडाचा एक नियम शिकलो. त्याचं बिल मी मालकांना पाठवण्याआधी स्वतः चुकतं केलं.

लाकडाचं बोलतोय तर सादेलीचं सांगितल्याशिवाय सुरतेत व्याख्यान कसं संपेल? इराणकडून आलेली आणि इथल्या पारशी घरांत, पेट्यांवर, मेजांवर रुजलेली कला. वरून बघणाऱ्याला वाटतं एकेक बारीक चांदणी हातानं जडवली. तसं नसतं. लाकडाच्या, हाडाच्या, धातूच्या तिकोनी काड्या करतात, त्या जुळवून जुडी बांधतात, चिकटवतात, आणि मग जुडीचे आडवे काप घेतात, काकडीचे घेतात तसे. प्रत्येक कापावर तीच चांदणी. जुडी नीट बांधली असेल तर शंभर चांदण्या एकसारख्या, नीट बांधली नसेल तर शंभरही वाकड्या. मुंबईत याच पद्धतीनं झालेल्या पेट्या विलायतेत 'बॉम्बे बॉक्स' म्हणून विकल्या गेल्या. पूर्वी त्यात हस्तिदंत असे, तो आता कायद्यानं बंद आहे आणि बंद आहे ते उत्तम. आज हे काम करणारी घरं हाताच्या बोटांवर. मालकांना कन्सोलच्या वरच्या अंगावर सादेलीची पट्टी हवी होती. मी नको म्हटलं. उन्हात लाकूड एका वाटेनं हलतं, धातू दुसऱ्या, आणि जुडीचा पातळ काप मधे तुटतो. शेवटी हातटेकण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावली. डबा उघडला की दिसते. उन्हापासून लांब.

एक वायरिंगचा मुद्दा राहिला आणि तो न सांगता मी खाली बसलो तर उद्या कोणाची तरी गाडी पेटेल.

मालकांना कन्सोलमध्ये मोबाइल चार्ज करायची सोय हवी होती. साधी गोष्ट. बाजारातून सॉकेट आणायचं, दोन वायरी. पण 1967 पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. आज आपण ज्या गाड्या बघतो त्यांत बॉडीला मायनस असतो. या गाडीत उलटं. सीटांच्या मागं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि त्यांचा प्लस पत्र्याला. आता बाजारातल्या सॉकेटचं बाहेरचं धातूचं नळकांडं मायनस असतं. ते पत्र्यात बसवलंत तर काय होईल? मायनस आणि प्लस समोरासमोर. त्या काळच्या या गाडीत फ्यूज दोनच. बाकी कित्येक वायरी बिनफ्यूजच्या. तपकिरी वायर म्हणजे बॅटरीतून थेट आलेली, तिच्यावर कधी हात टाकू नये. हिरवी फ्यूजमधून येते. हे रंग पाठ असल्याशिवाय या गाडीत पक्कड घालू नये.

इथं लाकूड कामाला आलं. लाकडी कन्सोल वीज वाहत नाही. सॉकेट लाकडात बसवलं, पत्र्यापासून लांब, दोन्ही वायरी वेगळ्या नेल्या, स्वतःचा फ्यूज दिला आणि मधे आत-बाहेरचा संबंध तोडणारा कन्व्हर्टर. कोणी म्हणतील, गाडीच मायनसवर फिरवून टाकायची. फिरवता येते, पण मग डायनामोची ध्रुवता उलटवावी लागते, कॉइलच्या वायरी बदलाव्या लागतात, आणि इंजिनचे फेरे दाखवणारं मीटरही उघडावं लागतं. एका मोबाइलसाठी? मोबाइल घरी चार्ज करा.

आता शेवटचा मुद्दा. मूळपणाचा.

आपल्या सरकारनं 2021 च्या जुलैत जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांनी पुन्हा करताना 5,000. अट अशी, की चासी, बॉडीचा सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. छान आहे. पण यात कन्सोल कुठं आला? कुठंच नाही. गाडीच्या आतलं खोकं तुम्ही सोन्याचं करा नाहीतर थर्माकोलचं, कायद्याला त्याचं काही नाही. म्हणजे या खोक्याचा पहारेकरी कोण? करणारा. मी. तुम्ही.

मग 1965 च्या गाडीत जे कधी नव्हतंच ते मी बसवलं, हा खोटेपणा झाला का? हा प्रश्न मला खूप दिवस सतावत होता. याचं उत्तर मला सुरतेच्याच एका माणसाच्या कामात मिळालं. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. जन्म 1863, सुरतेचा, सुतार समाजातला. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात 1890 साली कलाभवन उभं राहिलं ते त्यांच्या हातून, आणि आपले दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. 1896 साली चापेकर बंधूंनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. चापेकरांचं नाव आपल्याला घराघरात माहीत आहे. पण ते डांबर काढलं कोणी, हे कोणी विचारत नाही. काढलं ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या या गज्जरांनी. आता, राणीचा पुतळा साफ केला याचा मला आनंद व्हावा की नाही, हा वेगळा वाद आहे आणि बाहेर चहा पिताना आपण तो घालू. मला त्यातली कारागिरी बघायची आहे. दगडात मुरलेलं डांबर काढायचं आणि दगडाला धक्का लागू द्यायचा नाही. घासून कोणीही काढलं असतं. मग डागाबरोबर राणीचं नाकही गेलं असतं.

त्यावरून मी ठरवलं, माझा कन्सोल असा हवा की पुढचा माणूस तो काढेल आणि खाली 1965 ची गाडी जशीच्या तशी सापडेल. टनेल हा गाडीचा कणा आहे, त्यात मी एकही नवं भोक पाडलेलं नाही. कन्सोल चार जागी धरलाय. पुढं गिअरच्या क्रोम कडीचे दोन मूळ स्क्रू, आणि मागं त्या सनमायकावाल्यानं पाडलेल्या सहा भोकांतली दोन. उरलेल्या चार भोकांत रबरी बुचं. गोंद नाही, रिबिट नाही, लाकडाचे स्क्रू नाहीत. पान्यानं दहा मिनिटांत बाहेर निघतो. मी स्वतः तीनदा काढून बघितलाय, घड्याळ लावून. मालकांना पहिल्यांदा वाटलं की इतक्या सहज निघतोय म्हणजे काम कच्चं. त्यांना मी तो फोडलेला पहिला कन्सोल दाखवला. अजून माझ्या माळ्यावर आहे.

नव्या कन्सोलच्या तळाला, जिथं कोणी बघत नाही, तिथं मी चार ओळी लिहिल्यात. केव्हा केला, कोणत्या जाडीचा प्लाय, फ्यूज किती अँपिअरचा, आणि गाडीला बॉडीवर प्लस आहे हे मोठ्या अक्षरात, मराठी आणि गुजराती दोन्हीत. माझं नाव लिहिलं नाही. सीटकव्हरवाल्या मुलानं मात्र आतल्या शिवणीजवळ खडूनं आपलं नाव लिहिलंय. मी ते पुसलं नाही.

बाजूला संयोजक घड्याळ दाखवतायत. थांबतो.

त्या एमजीबीचे सतराही फर्मे माझ्या घरी साडीच्या खोक्यात ठेवलेले आहेत, प्रत्येकावर नंबर, डावी-उजवी बाजू आणि बुचाच्या जागेवर लाल खूण. 1962 ते 1967 मधली एमजीबी तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत कोणाकडे असेल तर या, फर्मे घेऊन जा, गिरवून घ्या. पैसे नकोत. फक्त खोकं परत आणून द्या.